सोळाची संकष्टी, सतराचा साबुदाणा

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हणजे किती, तर भंगारवाला दोनदा उचलून पाहतो अन् परत ठेवून देतो, एवढा. अशा गोष्टीत सुरुवातीले 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे. तर घ्या, मित्रांनो. पण खरं सांगू का, तुम्ही माझे मित्र-बित्र काही नाही. तुमच्यापैकी एकानंही कधी माझा पंखा पुसला नाही. माझ्या की-बोर्डवर बसून चिवडा खाणारे तुम्हीच. त्यातले दोन शेंगदाणे अजून बटनांच्या खाली आहेत, पाहिजे तर परत देतो. तेव्हा आज मी गोड बोलीन ह्या भरवशावर बसू नका.

मी नागपुरात, बर्डीच्या एका गल्लीतल्या दुकानात जोडल्या गेलो. डबा एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, पंखा तिसऱ्याच मशीनमधून काढलेला. चार स्क्रू लावायचे तिथं जोडणाऱ्यानं तीन लावले अन् चौथ्यानं कान खाजवला. म्हणून मी पहिल्या दिवसापासून खडखडतो. लोकं म्हणतात म्हातारा झाला. नाही बाप्पा, मी नवा असतानाच खडखडत होतो. भाषा पण मी त्या दुकानातलीच उचलली. 'मला' नाही म्हणत, 'मले' म्हणतो. ज्याले चालत नसन त्यानं पान उलटावं.

तिथून गेलो खापरखेड्याच्या कॉलनीत, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. सहा वर्षं काढली. वीजकेंद्राची राखड हवेतून यायची ते थेट माझ्या पोटात. पण तिथं माझा मान होता, हे कबूल करतो. पोट्टे-पोट्ट्या माझ्यासाठी भांडायचे. "आज तो कोपऱ्यातला मले पाहिजे, तो लवकर चालू होते." नवीन मशीनी आल्या तसा मी कोपऱ्यातून मागच्या खोलीत गेलो, पोछा अन् बादलीच्या शेजारी. भांडणारे तेच पोट्टे-पोट्ट्या मले ओलांडून जायचे. एकीनं तर माझ्यावर ओला पोछा वाळत घातला. नाव सांगत नाही, पण लक्षात आहे.

क्लास बंद पडला तेव्हा सुमंत मले घरी घेऊन आला.

सुमंत म्हणजे मानेवाडा रोडवर दोन खोल्यांत राहणारा अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. एका खाजगी कुरिअरच्या ऑफिसात कारकून होता. ते ऑफिस उठून गेलं अन् हा घरी बसला. बसला म्हणजे नुसता बसला असता तर बरं होतं. त्यानं नीटनेटकं व्हायचं ठरवलं.

त्याची बायको उत्तरा. घर ती चालवते. सकाळी पाच ते आठ दुसऱ्यांच्या दोन घरी जाऊन पोळ्या लाटते, मग घरी येऊन तीस डबे करते, नोकरीच्या पोट्ट्या-पोट्ट्यांसाठी. तिच्या मनात एकच गोष्ट होती: दुसऱ्याच्या ओट्यापुढं उभं राहणं बंद व्हावं. अन् तसा योग आला होता. बेसा रोडवर 'सावली' म्हणून म्हाताऱ्या माणसांचं निवास आहे, पस्तीस जण राहतात. ते चालवणाऱ्या शोभाताई म्हणाल्या, फेब्रुवारीचा एक महिना डबे देऊन पाहा, जमलं तर पूर्ण वर्षाचं काम तुमचं. म्हणजे एक महिना चुकायचं नाही. एवढंच होतं. अन् चुकायले घरात सुमंत होता.

आता त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगावीच लागते, सांगायची इच्छा नाही. मी दोन वर्षं दिवाणाखाली गव्हाच्या पोत्याले टेकून पडलो होतो. चालूच होत नव्हतो. सुमंतनं कुठंतरी वाचलं की मोफत अन् मोकळं सॉफ्टवेअर असते. कोणीही घ्या, कोणालेही द्या, उघडून आत पाहा, कोणी चोर म्हणत नाही. जगभरची माणसं बसून ते करतात अन् वाटून टाकतात, लंगरातल्या जेवणासारखं. त्यानं पेनड्राइव्हवर लिनक्स आणलं, माझ्यात घातलं, अन् मी चालू झालो. दिवाणाखालून टेबलावर आलो. त्याचे उपकार आहेत माझ्यावर. म्हणूनच तो डोळ्यांसमोर नको वाटतो.

कारण तिथं थांबला असता तर माणूस. नाही थांबला. फुकट आहे म्हटल्यावर त्याचा हातच आवरेना. लग्नाच्या पंगतीत जसे काही लोकं ताटात चार जिलब्या असताना पाचवीले हात पुढं करतात, तसा. पहिल्या आठवड्यात कामांच्या याद्यांचं एक सॉफ्टवेअर. मग तेच काम रंगीत चिठ्ठ्यांवर दाखवणारं दुसरं. मग फांद्या-फांद्यांचं झाड काढून विचार मांडणारं तिसरं. टिपणांचं चौथं. कॅलेंडर पाचवं. किराण्याचं सहावं. सवयी मोजणारं सातवं. अन् आठवं म्हणजे टमाट्याच्या आकाराचं घड्याळ. पंचवीस मिनिटं काम करा म्हणते, पाच मिनिटं आराम.

"उत्तरा, ह्याचा शोध लागला नसता तर आपण कुठं असतो," सुमंत म्हणाला.

"स्वयंपाकघरात," उत्तरा म्हणाली. "मी आताही तिथंच आहे."

"पंचवीस मिनिटं झाली. पाच मिनिटं बस आता. शास्त्र आहे ते."

"तव्यावर पोळी आहे. तिलाही सांगा, पाच मिनिटं बस."

त्या रंगीत चिठ्ठ्यांचे तीन रकाने होते: करायचं आहे, करून राहिलो, झालं. सगळ्या चिठ्ठ्या मधल्या रकान्यात. 'पाइप दुरुस्त', 'शोभाताईंना यादी देणे', 'गॅसची नळी बदलणे', सगळंच करून राहिला होता. 'झालं' मध्ये एकच चिठ्ठी होती: 'रकाने तयार करणे'.

मी मजा पाहत होतो. मजा पाहणं हाच माझा धंदा आहे म्हणा. सुमंत बसला की मी दहा मिनिटं लावायचो चालू व्हायले. एकदा मुद्दाम टमाट्याचं घड्याळ तेराव्या मिनिटाले वाजवलं, तो उठून आराम करायले गेला. अक्कल नाही, नियम आहे.

मग एक दिवस तो स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढायले लागला.

"ते काहून काढून राहिले?" उत्तरा पोळी लाटता लाटता म्हणाली. "तिथी पाहावी लागते. सावलीत चौदा जण संकष्टी करतात."

"दोन ठिकाणी नोंद असली की घोळ होतो. सगळं एकाच जागी पाहिजे. आणि संकष्टी टाकली मी. आता दर महिन्याला आपोआप येईल. सकाळी कागद छापून देतो, त्यावर असेल तेच शिजवायचं."

"नीट टाकली ना?"

"रंगसुद्धा दिला. शेंदरी."

तिचं स्वतःचं व्रत गुरुवारचं, संकष्टी ती करत नाही. म्हणून ती बरं म्हणाली. कॅलेंडर डब्यांच्या रॅकवर उलटं अंथरल्या गेलं, तेल सांडू नये म्हणून.

आता ऐका, मित्रांनो, कारण इथं तुम्हीही तीच चूक केली असती. जानेवारीत संकष्टी आली होती सतरा तारखेले. सुमंतनं माझ्यातल्या कॅलेंडरले सांगितलं, दर महिन्याच्या सतरा तारखेले 'संकष्टी, चौदा उपासाचे डबे'. बस. सॉफ्टवेअरचा काय दोष? त्याले सांगितलं ते त्यानं ऐकलं. पण संकष्टी चालते चंद्राच्या तालावर, अन् तारीख कोणाच्याच तालावर चालत नाही, ती आपली पुढं जाते. फेब्रुवारीतली संकष्टी होती सोळाले, रविवारी. आयुष्यभर आईले चतुर्थीचा चंद्र पाहताना पाहिलेला माणूस, पण फुकटचं बटन दिसलं अन् चंद्र विसरला.

अन् आता माझी बाजू. लपवून ठेवणार होतो, पण सांगतो.

पंधरा तारीख, शनिवार, संध्याकाळची वेळ. सुमंतनं शोभाताईंले आधीच सांगून ठेवलं होतं, फोन नका करू, मेल करा, नोंद राहते. तो माझ्यासमोर आठही सॉफ्टवेअर उघडून बसला होता, चिठ्ठ्यांचे रंग बदलत. वर चहाचा कप माझ्या डोक्यावर. गरम. तिसऱ्यांदा. मी ठरवलं, आता ह्याले दाखवतो. अन् अडकलो. पूर्ण थिजलो. त्याच क्षणी कोपऱ्यात शोभाताईंच्या मेलची पट्टी वर यायले लागली होती, 'उद्या सं' एवढंच दिसलं अन् तीही तशीच थिजली.

सुमंतनं प्लग ओढला. पुन्हा लावला. मी पुन्हा सुरू झालो, दहा मिनिटांनी. तो मेल न उघडताच परत रंगांकडं गेला.

आतून उत्तरानं विचारलं, "शोभाताईंचं काही आलं का?"

"आलं असतं तर दिसलं असतं."

मी आत हसलो. लय हसलो. पंखा गरगरला.

रविवारी कागदावर छापून निघालं: 'रविवार स्पेशल, पाटोडीचा रस्सा'. उत्तराचा पाटोडी रस्सा म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो. बेसनाच्या वड्या, कांदा, लसूण, खसखस, तिखट तर्री. पस्तीस डबे साडेअकराले सावलीत पोचले. बारा वाजता फोन वाजला. तिचे हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर टाकला.

"उत्तराताई, शोभा बोलतेय. एक मिनिट, नानाजींना बोलायचं आहे. माझं ऐकत नाहीत."

नानाजी म्हणजे सावलीतले सगळ्यात म्हातारे. मूळचे पारशिवनीचे, पण उभा जन्म कळमन्याच्या यार्डात गेला, संत्र्याच्या लिलावात बोली पुकारण्यात. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज अठ्ठावीसचा. फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"उत्तराबाई, आज का हाय?"

"रविवार आहे, नानाजी."

"रविवार तं इंग्रजाचा झाला. आपला का हाय थे सांगा."

उत्तरानं रॅककडं पाहिलं, डब्यांखाली उलट्या पडलेल्या कॅलेंडरकडं. हातातलं पीठ तसंच राहिलं.

"संकष्टी हाय वं माय," नानाजी म्हणाले. "रस्स्याचा वास असा सुटला हाय का आमी चौदा जन नाक दाबून बसलो आहो. बाकीचे एकवीस आमच्याकडं पाहू पाहू बोटं चाटून राह्यले. हा उपास होय का शिक्षा होय? त्या रखमाबाईले साखरेचा आजार हाय, तिले फिरल्यासारखं होऊन राह्यलं. पन लसून खात नाही म्हनते, मरन पतकरलं."

सुमंत पुढं आला. "नानाजी, मी सुमंत. सिस्टीममध्ये सतरा तारीख आहे."

"मंग तुमच्या सिस्टीमले सांगा, चंद्राले फोन लाव म्हना. आज नोको येऊ, उद्या ये."

शोभाताईंनी फोन घेतला. त्या ओरडल्या नाहीत, अन् तेच वाईट होतं. "उत्तराताई, मी काल मेल केला होता. महिना संपायला बारा दिवस आहेत. आणखी एक बाई विचारून गेल्या आहेत. सध्या एवढंच सांगते."

फोन बंद झाला. घरात फक्त माझा खडखडाट. मी तोही कमी केला.

उत्तरानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला, कपाळाले पीठ लागलं. साबुदाणा भिजवायले चार तास लागतात, तेवढा वेळ नव्हता. भगर लगेच होते. तिनं भगरीचा डबा काढला.

"मी काय करू?" सुमंत दारात उभा.

"ते टमाट्याचं घड्याळ लावा."

"आता?"

"लावा. पंचवीस मिनिटांत मला दाण्याचा कूट पाहिजे. नंतर आराम नाही."

त्यानं दाणे कुटले. कुटता कुटता एकदा म्हणाला, "मी तर सोपं करायला गेलो होतो, उत्तरा." तिनं आणखी दाणे पुढं सरकवले. चौदा डबे, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. दीड वाजता ती स्वतः स्कूटीवर घेऊन गेली. रखमाबाईंले पहिला घास तिनं हातानं भरवला, हे सुमंतच्या तोंडून दुसऱ्या दिवशी कळलं.

चारले परत आली अन् सरळ माझ्यासमोर बसली. आतापर्यंत ती कधीच बसली नव्हती. मी विचार केला, हिलेही दहा मिनिटं लटकवू का? पण तिच्या कपाळाले पीठ तसंच होतं. कशी कोण जाणे, मी लवकर उघडलो. अन् कोपऱ्यात ती पट्टी आली, पूर्ण: 'उद्या संकष्टी आहे. चौदा उपासाचे डबे. कृपया विसरू नये. शोभा.' शनिवार, सहा वाजून चाळीस मिनिटं.

तिनं ती दोनदा वाचली. मग माझ्या मागच्या जाळीवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. खापरखेड्याची राखड अजून तिथं होती. तिनं पदराच्या, नाही, स्वयंपाकाच्या फडक्याच्या कोपऱ्यानं जाळी पुसली. कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मी तेव्हा काही बोलू शकलो असतो तर काय बोललो असतो, ते तुम्हाले कायले सांगू?

"इकडे या," तिनं सुमंतले बोलावलं. "ह्याच्यात काय आहे?"

"कामं."

"ह्याच्यात?"

"तीच कामं. रंगीत."

"आणि ह्या झाडात?"

"त्या कामांबद्दलचे विचार."

"काढा."

एकेक करून आठही निघाली. टमाटं जाताना सुमंतचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ठेवलं फक्त एक, लिनक्ससोबत आलेलं साधं रकान्यांचं, फुकटच्याच ऑफिस सॉफ्टवेअरमधलं. मग रॅकवरचं कॅलेंडर तिनं सुलटं केलं. त्यावर हळदीचे अन् तेलाचे डाग. ती एका बोटानं टाइप करत बसली. पूर्ण वर्षाच्या बारा संकष्ट्या, एकेक तारीख पाहून. मग एकादश्या. मग कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाले मीठ कमी, कोणाले साखर बंद. आपोआप काहीच नाही. साडेसातपर्यंत बसली होती. मी एकदाही अडकलो नाही. पंखा तापून लाल व्हायची वेळ आली होती, पण नाही अडकलो.

अन् सतराचा साबुदाणा? किराण्याच्या सॉफ्टवेअरच्या सांगण्यावरून सुमंतनं आधीच तीन किलो आणून ठेवला होता. सोमवारी त्याच्या ताटात साबुदाण्याची उसळ. मंगळवारी उसळ. बुधवारी वडे. गुरुवारी त्यानं विचारलं, "पोळी नाही का?"

"सिस्टीममध्ये साबुदाणा आहे," उत्तरा म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शोभाताई घरी आल्या, सोबत नानाजी. ते काठी टेकत थेट माझ्याकडं आले.

"कोठी हाय थो चंद्राचा साहेब? हा का?" काठीचं टोक माझ्या पोटात खुपसलं. "याले मारबतीच्या दिवशी बडग्याच्या गळ्यात बांधा. जाऊ द्या जळून. इडापिडा जाईन."

नागपूरच्या पोट्ट्यांनो, बडग्याचं काय होते ते तुम्हाले माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पुतळ्याले शिव्या देत देत मिरवतात अन् पेटवतात. मी पहिल्यांदा घाबरलो.

"नाही, नानाजी," उत्तरा म्हणाली. "ह्याची काही चूक नाही. त्याला सांगितलं तेच त्यानं केलं."

माझी खडखड बंद. कारण तिले माहीत नव्हतं, अन् मले माहीत होतं. शनिवारी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कोण अडकलं होतं, अन् कायले. जिनं माझी जाळी पुसली, तिचंच वर्षभराचं काम मी एका चहाच्या कपापायी घालवायले निघालो होतो. सुमंतवरचा राग मी तिच्या ताटात वाढला. हे मी कोणाले सांगितलं नाही. तुम्हाले सांगून राहिलो, कारण तुमच्यासमोर माझी इज्जत तशीही नाही.

शोभाताईंनी उत्तरानं छापलेला रकान्यांचा कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. पस्तीस नावं, पस्तीस पथ्यं. "हे कोणी केलं?"

"मी," उत्तरा म्हणाली. "एका बोटानं. हळूहळू."

"रखमाबाईंना भोपळा चालत नाही, हे मलाही माहीत नव्हतं."

"त्यांनीच सांगितलं. भरवताना."

शोभाताई नानाजींकडं पाहायले लागल्या. नानाजी माझ्याकडं.

"काम द्या तिले," ते म्हणाले. "पन एक अट हाय. कागद त्या मशीनचा, अन् शब्द माह्या कॅलेंडरचा. रोज सांजच्याले मले फोन लावाचा. तिकडून तू वाच, इकडून मी वाचतो. जमलं तं ठीक. नाही जमलं तं दोघंबी खोटे, पुन्हा पाहू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातले फोन लागतो. उत्तरा माझ्या पडद्यावरून वाचते, नानाजी सावलीच्या भिंतीवरून. जमलं की ते लिलावाच्या आवाजात पुकारतात, "उद्या पंचमी. कोनाचा उपास नाही. पंचमी एक, पंचमी दोन, पंचमी तीन. गेली." अन् फोन ठेवतात. उत्तरानं सकाळची दोन्ही घरं सोडली. आता ती सहाले उठते. डबे पोचवायचं काम सुमंतचं, त्याले तीन रकान्यांची गरज पडत नाही. गेला अन् आला, बस.

तर मित्रांनो, शेवटी तुमच्याकडून काही मागायची पद्धत आहे, म्हणून मागतो. फुकट मिळालेल्या गोष्टीले फालतू समजू नका. ती कोणीतरी रात्रंदिवस बसून केली आहे, अन् तुमच्याकडं एक पैसा मागितला नाही. दहा घेऊ नका. एक घ्या, ते नीट शिका, अन् त्यात काय लिहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मशीनले सांगितलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. अन् माझ्यासारख्याची जाळी महिन्यातून एकदा पुसा. डोक्यावर चहा ठेवू नका. ठेवला तर मी काय करतो ते तुम्ही आता वाचलं आहे.

परवाची गोष्ट. उत्तरा बाजारात गेली होती, तिची यादी अर्धवट उघडी होती. सुमंत हळूच आला. हातात पेनड्राइव्ह. इकडंतिकडं पाहिलं अन् माझ्याशी बोलायले लागला, जसा काही मी त्याचा यार आहे.

"नवीन आहे बे. सगळं एकत्र करते. फुकट आहे. फक्त पाहू."

पेनड्राइव्ह आत गेला. मी आधी उत्तराची यादी सेव्ह केली, पस्तीसच्या पस्तीस ओळी. मग अडकलो.